येतो न म्हणता

जंगम मास्तरांची डावी बाजू झाली होती. उजव्या गालावर फेस तसाच होता आणि मास्तर बेळगावच्या फिरत्या खुर्चीत मान मागे टाकून नव्या हेडमास्तरांना नावं ठेवत होते. मी वस्तरा उचलला आणि हात हवेतच थांबला. छातीवर कुणी जातं आणून ठेवल्यासारखं झालं. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या गळ्याशी माझा हात कधी थांबला नव्हता.

पहिलं काम केलं ते हे की वस्तरा मिटून फळीवर ठेवला. उघडा वस्तरा हातात घेऊन पडायचं नाही, ही बापाची शिकवण. मग पडलो.

"आण्णा! काय झालं वं?" मास्तर गळ्यातल्या फडक्यासकट खुर्चीतून उठले. "पाणी आणा कुणीतरी! नदाफ चाचा, अवो चाचा!"

शेजारच्या गादीच्या दुकानातून हुसेन नदाफ धावत आले. अंगभर कापूस चिकटलेला. मागच्या दारातून माझी बायको शालन आली. तिघांनी मला उचलून गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं जिभेखाली गोळी ठेवली, एक इंजेक्शन दिलं आणि माझ्याकडे न बघता शालनला सांगितलं, "अ‍ॅटॅक आहे. मिरजेला न्या. वाटेत चहाला पण थांबू नका."

चाचांनी बाजारातली एक ट्रॅक्स अडवून आणली. मला मागच्या सीटवर आडवं केलं. डोकं शालनच्या मांडीवर, पुढे मास्तर, अर्ध्या दाढीनं. गाडी सुटायच्या आधी चाचांनी खिडकीतून हात घालून माझा हात धरला.

"आण्णा, येतो म्हण. नुसतं येतो म्हण!"

हे चाचा का म्हणत होते ते सांगायला हवं. आमच्या दुकानात कुणी 'जातो' म्हणत नसे. सगळीच माणसं घरातून निघताना 'येतो' म्हणतात, त्यात नवल नाही. पण माझ्या बापाचं त्याबाबत फारच कडक होतं. दाढी झाल्यावर कुणी चुकून 'बरं, जातो' म्हणालं तर बाप त्याला पायरीवरून परत बोलवायचा, खुर्चीत बसवायचा, 'येतो' म्हणवून घ्यायचा आणि मगच सोडायचा. एकदा बाप असाच एका फौजदाराला परत बोलवून बसवताना आम्ही दोघा भावांनी बघितलंय. बाप गेल्यावर तो नियम मी चालवला. नदाफ चाचा चाळीस वर्षं शेजारी होते, त्यांना तो पाठ होता.

माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. गाडी सुटली.

मिरजेत हृदयातली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. तीन दिवस मी काचेच्या खोलीत होतो, त्यातलं मला फारसं आठवत नाही. चौथ्या दिवशी मला साध्या वॉर्डात आणलं. सकाळी शालननं चमच्यानं चहा पाजला. दूध कमी, साखर नाही, एरवी मी तो कप भिंतीवर फेकला असता. त्या दिवशी पहिल्या चमच्याला माझे डोळे भरून आले. खिडकीतून शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेली धोतरं दिसत होती आणि ती वाऱ्यानं हलत होती, याचाही मला आनंद होत होता. मी जिवंत होतो. बावन्नाव्या वर्षी देवानं मला उचलून पुन्हा खाली ठेवलं होतं.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी त्यांचे पाय धरायला गेलो. ते मागे सरले. "माझे नका धरू. ज्यांनी वेळेत आणलं त्यांचे धरा. अर्धा तास उशीर झाला असता तर आपण भेटलो नसतो. आणि आता एकच लक्षात ठेवा, रागवायचं नाही."

"न्हाय रागवत," मी म्हणालो. "आता कुणावर रागवू? समदे माझेच."

हे मी सकाळी बोललो. दुपारी चारला भेटायची वेळ झाली आणि वॉर्डाच्या दारात माझा धाकटा भाऊ मुरली येऊन उभा राहिला.

मुरली माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आम्ही दोघं बापाच्या हाताखाली एकाच दुकानात शिकलो. म्हणजे मी बापाकडून शिकलो आणि मुरली माझ्याकडून. त्याला वस्तरा धरायला मी शिकवलं, स्वतःच्या पोटरीवर केस काढायला लावून. अकरा वर्षांपूर्वी बाप वारला तेव्हा मुरली बेळगावात होता. तिसऱ्या दिवशी उगवला. तोवर आम्ही सगळे नदीवर जाऊन डोकी काढून, राख सावडून मोकळे झालो होतो. त्यानं भावकीसमोर माझ्यापुढे बैठक मारली आणि मान खाली घातली. म्हणाला, "आण्णा, माझं पण काढ." मी वस्तरा मिटला. म्हणालो, "बापाला पोचवायला जो आला न्हाय, त्याच्या डोक्याला मी हात लावनार न्हाय." दुसऱ्या कुणी त्याचं डोकं काढायचं धाडस केलं नाही, सगळी भावकी मला दबून होती. तो तसाच उठला. महिन्याभरात आमचं विटा गाव सोडून बायकोला घेऊन आटपाडीला गेला, तिथं दुकान घातलं. त्यानंतर आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

त्याची मिशी मात्र आटपाडीहून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असायची. जाड, काळी, टोकं वर वळवलेली. लोक म्हणायचे, मुरलीच्या दुकानाला पाटीच नाही, दारात तो उभा राहिला की पुरे.

तर तो दारात उभा होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, त्याचं टोक तोंडावर ओढलेलं. शालन त्याला हाताला धरून आत आणत होती.

"या की भावजी. अवं, बघा तरी कोन आलंय!"

मी उठून बसलो. खोटं कशाला बोलू, जीव हरखला. अकरा वर्षांनी माझा भाऊ माझ्यासाठी आला होता. त्यानं खाटेजवळ येऊन, थोरल्यासमोर डोकं झाकून कसं उभं राहायचं म्हणून असेल, टॉवेल काढला.

डोकं साफ. पांढरंनिळं. मिशी नाही. ओठावरची जागा बाकीच्या चेहऱ्याहून उजळ, जिथं वर्षानुवर्षं ऊन लागलं नव्हतं. उजव्या कानामागे वस्तरा लागल्याची खपली.

आमच्यात थोरला भाऊ गेला की धाकट्यानं डोकं आणि मिशी उतरवायची असते. वडील माणसासाठी धाकट्यानं करायचं ते हे. दुसऱ्या कशासाठी कुणी मिशीला वस्तरा लावत नाही, आणि मुरली तर नाहीच.

"हे काय?" मी विचारलं.

"आण्णा..."

"डोकं कुनासाठी काढलंस?"

तो हसला. लहानपणी गिऱ्हाइकाचा कल्ला वर-खाली झाला की हसायचा, तसंच ओशाळं. "चूक झाली रं. ऐकन्यात चूक झाली."

"ऐकन्यात? आन लगेच बसलास भादरून? मी मेलो का हाय ते बघायला पन थांबला न्हाईस?"

"अवं, ऐकून तर घ्या," शालन म्हणाली. "तेंनी तीन दिस..."

"तू गप बस!" माझा आवाज वॉर्डभर गेला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "बापाच्या येळंला तीन दिस सवड झाली न्हाय ह्याला. माझ्या येळंला बघ कसा नटून आलाय! अकरा वर्सं वाट बघत हुतास न्हवं? कधी आण्णा जातोय आन कधी मी मोकळा हुतोय?"

"असं नगं बोलूस आण्णा."

"बोलनार! जित्या मानसाच्या दारात बोडकं डोकं घेऊन आलास. मी मेलो म्हनून आलास, तर मग मेलोच समज. तुला मी मेलो. जा, ऊठ!"

खाटेशेजारचं यंत्र वेगानं वाजायला लागलं. नर्स धावत आली आणि मुरलीवरच खेकसली, "कोण तुम्ही? बाहेर व्हा! पेशंटला त्रास होतोय दिसत नाही?"

तो वाकला. चादरीवरून माझ्या पायांना हात लावायला गेला, मी पाय ओढून घेतले. मग त्यानं टॉवेल पुन्हा डोक्याला गुंडाळला. सावकाश, नीट, कडा आत खोचत. दारापर्यंत गेला तेव्हा शालन रडवेल्या आवाजात म्हणाली, "भावजी, येतो तरी म्हना."

तो थांबला. वळून माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. आणि तो काही न बोलता गेला.

"बघितलंस?" मी शालनला म्हणालो. "येतो म्हनायला पन जीभ उचलली न्हाय. बापाचा नियम पन इसरला."

डॉक्टरनं तिला बाहेर बोलवून बजावलं की ज्या विषयानं हे चिडतात तो विषय काढायचा नाही. तिनं तो काढला नाही. पंधरा दिवस ती माझ्याशी औषधं आणि पेज यांपलीकडे बोलली नाही. मला वाटलं, थकली असेल.

दहाव्या-अकराव्या दिवशी मी बरा हिंडूफिरू लागलो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची दाढी वाढली होती, पोरं बघायला येत नव्हती. मी नर्सला गयावया करून साबण आणि पात्याचं यंत्र मागून घेतलं आणि त्याची दाढी केली. हात कापत होते, पण एक ओरखडा उठू दिला नाही. म्हातारा गाल चाचपून म्हणाला, "देव तुला लई आयुष्य देवो." मी म्हणालो, "दिलंय की बाबा, आत्ताच दिलंय." वॉर्डातले सगळे हसले. मी पण हसलो. कुण्या अनोळखी माणसाच्या गालाला मी असा हात लावत होतो, आणि मला त्यात काही खटकलं नाही.

घरी आलो तर अर्धा बाजार दारात. शालननं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी गल्लीतल्या डॉक्टरला हार घातला. ट्रॅक्सवाल्याला शोधून काढून त्याला टोपी-टॉवेल दिला. जंगम मास्तरांना खुर्चीत बसवून म्हणालो, "या मास्तर, उजवी बाजू राहिलीय." ते म्हणाले, "त्या दिवशी तसाच मिरजेत फिरलो आण्णा. एक बाई माझ्याकडं बघून देवाचं नाव घ्यायला लागली." सगळ्या पेठेत पेढे वाटले. दिसेल त्याला सांगायचो, "दुसरा जन्म झाला बघा. आता कुनाशी वाकडं न्हाय." लोक माना डोलवायचे. एक पुडा आटपाडीला पाठवावा असं माझ्या मनात आलं नाही. नाही, आलं होतं. मी ते काढून टाकलं.

दोन दिवसांनी दुपारी, दुकानात कुणी नसताना, नदाफ चाचा येऊन बाकावर बसले. बराच वेळ डोक्यावरची टोपी काढून घालत राहिले.

"आण्णा, एक बोलायचं हाय. पर तू चिडायचं न्हाईस. तुझ्या जिवाला धोका हाय आन पाप मला लागंल."

"बोला की चाचा."

"त्या दिवशी तुझी गाडी वळनावर गेली, आन माझ्या दुकानात फोन वाजला. मुरलीचा. आटपाडीच्या स्टँडवर कुन्या कंडक्टरनं त्याला सांगितलं हुतं, इट्यात तुझ्या भावाला कायतरी झालंय. फोनवर मला म्हनला, चाचा, आण्णा कसा हाय? माझं डोकं ठिकानावर न्हवतं रं. तुझा हात आत्ता हातातून सुटला हुता. मी म्हनलो, आण्णा गेले. आत्ताच गेले, पाच मिन्टं झाली."

मी फळीवरचा उघडा वस्तरा मिटला.

"मी म्हननार हुतो मिरजेला गेले. पर त्यानं फोन ठेवला. चाळीस वर्सं तुझ्या दुकानाशेजारी हाय मी, कधी तोंडातनं 'जातो' काढलं न्हाय. त्या दिवशीच 'गेले' निघालं."

मग चाचांनी बाकीचं सांगितलं. दुपारी अडीचच्या एस्टीनं मुरली विट्यात उतरला, डोकं आणि मिशी काढूनच. माझ्या दुकानाला कुलूप. त्याला वाटलं, उचललं मला, नदीवर नेलं. तो चाचांकडे धावत आला आणि म्हणाला, "ह्या बारीला पन उशीर झाला का?" चाचांनी त्याच्या डोक्याकडे बघितलं आणि त्यांना आपण काय करून बसलो ते कळलं. ते ओरडले, "जिता हाय! मिरजेला हाय!" तेव्हा मुरली माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "मिशी गेली तर गेली चाचा. आण्णा ऱ्हायला."

मी शालनला हाक मारली. ती मागच्या दारात उभीच होती, सगळं ऐकत.

"तुला म्हाईत हुतं?"

"तेंनी तीन दिस दवाखान्याच्या आवारात, झाडाखाली बसून हुते," ती म्हणाली. "डोक्याला टॉवेल बांधून. मी भाकरी न्हेऊन देत हुते. वर या म्हनलं तर येत न्हवते. म्हनायचे, वैनी, असलं डोकं घेऊन आजारी मानसाम्होरं कसं येऊ? केस आल्यावर येतो. मीच वडून आनलं. माझंच चुकलं."

माणूस मरता मरता वाचला की शहाणा होतो, असं लोक समजतात. मी झालो नाही. त्याच दिवशी संध्याकाळच्या एस्टीत बसलो असतो तर तासा-दीड तासात आटपाडीला पोचलो असतो. त्याऐवजी मी म्हणालो, "बरं. केस येऊ देत. मिशी आली की येईल तोच. धाकट्यानं यायचं असतं."

माझा धंदाच केसांचा. डोक्यावर दोन महिन्यांत कंगवा फिरतो. मिशीला टोक काढायला तीन-साडेतीन महिने. मी मनात दिवस मोजत होतो. दसऱ्याला माझा हिशोब पुरा झाला नव्हता, पण अंदाजे ओठ झाकेल इतकी मिशी आली असेल असं धरून मी नवं धोतर नेसून ओट्यावर बसलो. दसऱ्याला धाकट्यानं थोरल्याला सोनं द्यायला यायचं असतं. सगळी पेठ मला सोनं देऊन गेली. शेवटची एस्टी येऊन गेल्यावर मी आत आलो.

दिवाळी झाली. संक्रांत झाली. शालन प्रत्येक सणाला म्हणायची, "तुमीच जावा की." चाचा म्हणायचे, "फोन तरी लाव, नंबर हाय माझ्याकडं." मी म्हणायचो, "दारातनं येतो न म्हनता गेला तो. त्यानंच यायचं." खरं तर मला काय बोलायचं ते माहीत नव्हतं. एवढ्या लोकांना हात जोडले होते मी, पण ते सगळे असे की ज्यांचं मी काही बिघडवलं नव्हतं. ते हात जोडणं सोपं होतं.

पाडवा होऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी दहाचा सुमार. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. नदाफ चाचा आपल्या दुकानातून बाहेर आले आणि माझ्या पायरीवर उभे राहिले. तोंड उघडायचे, मिटायचे. दोनदा तसं झालं. तो एक शब्द त्यांना उच्चारता येत नव्हता.

शेवटी म्हणाले, "आण्णा, दुकान बंद कर."

आटपाडीला पोचलो तेव्हा मुरलीला अंगणात ठेवलं होतं. दुकान उघडायच्या आधी, घरातच, छातीवर हात ठेवून खाली बसला म्हणे. माझ्याचसारखं. फक्त आटपाडीत त्या वेळेला ट्रॅक्स मिळाली नाही. मिळाली तोवर अर्धा तास गेला होता.

मी जवळ गेलो. तोंडावरचा कपडा कुणीतरी बाजूला केला. डोक्यावर केस होते, कानाच्या मागे पांढरे होऊ लागलेले. पण ओठावर मिशी नव्हती.

मला वाटलं, मेल्यावर कुणी काढली असेल, कुणा मूर्खानं. मी अंगठा ओठावरून फिरवला. न्हाव्याच्या अंगठ्याला कळतं. कातडी आत ओढलेली नव्हती, कुठं कापलं नव्हतं. जिवंत माणसाच्या ओठावरून त्याच सकाळी फिरलेला वस्तरा होता तो. आणि त्वचा बाकीच्या चेहऱ्यासारखीच रापलेली होती. म्हणजे आठ महिने तिथं रोज ऊन लागत होतं.

"तेंनी रोज काढायचे," त्याची बायको छबू म्हणाली. ती भिंतीशी बसली होती, डोक्यावरून पदर. रडून झालं होतं तिचं. "सकाळी उठलं की पयला वस्तरा मिशीला. केस येऊ दिले, मिशी न्हाय. मी म्हनायची, आण्णा जिते हायती की, आता ठेवा. तर म्हनायचे, हाय गं, जिता हाय. पर 'तुला मी मेलो' म्हनून सांगितलंय त्यानं. थोरल्याचा शब्द हाय. वरीसभर पाळायचा."

"दसरा?" मी विचारलं.

"दसरा केला न्हाय. दिवाळीला कढई ठेवली न्हाय. भाऊ गेल्यावर वरीसभर सन करायचा नसतो म्हनले. चिडून न्हवते म्हनत वं आण्णा. हसून म्हनायचे. एकदा त्यानं माझ्या डोक्याला वस्तरा लावला न्हाय, आता त्याच्या नावानं रोज लावतो, फिटंफाट. आन दर ऐतवारी तुमच्या शेजारी फोन लावायचे. एकच इचारायचे, दुकान उघडलंय का. उघडलंय म्हनलं की त्या दिवशी ग्वाड करायला सांगायचे."

मी मागे वळून बघितलं. नदाफ चाचा माझ्याबरोबर आले होते. त्यांनी मान खाली घातली. मुरलीनं त्यांच्याकडून शपथ घेतली होती.

"त्या दिवशी पन," छबू म्हणाली, "इट्याचा फोन झाल्यावर मी म्हनलं, थांबा, जाऊन तरी बघा, डोकं नदीवर काढतात. तर म्हनले, न्हाय. मागल्या बारीला आण्णानं खुर्च्या आनायला बेळगावला धाडलं म्हनून बापाला मुकलो. ह्या बारीला दारात पोचीन तवा कुनाम्होरं मान खाली घालून काढ म्हननार न्हाय. आरशात बघून सोताच काढलं. कानामागं लागलं, रगत आलं. म्हनले, तिथं दुसऱ्याचा हात लागतो गं."

खुर्च्या आणायला मीच धाडलं होतं. विट्यात पहिल्या फिरत्या खुर्च्या माझ्या दुकानात याव्यात म्हणून, बाप अंथरुणावर असताना, तो नको म्हणत असताना. भावकीत हे कुणाला माहीत नव्हतं आणि मी कधी सांगितलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. त्या दिवशी भावकीसमोर त्यानं एक वाक्य बोललं असतं तर मान मला खाली घालावी लागली असती. त्या खुर्च्यांवर मी अकरा वर्षं गिऱ्हाइकं बसवत होतो.

नदीवर चुलत पुतण्यानं अग्नी दिला. मग डोकी काढायला बसले सगळे. मी पिशवीतून माझा वस्तरा काढला, आरशाच्या तुकड्यात बघून मिशीला पाणी लावलं. चार जणांनी माझा हात धरला. "आण्णा, हे काय? थोरल्यानं धाकट्यासाठी काढायची नसते." मला ते माहीत होतं. आयुष्यभर मी कुणाचं ऐकलं नव्हतं. नेमकं तिथं ऐकलं. वस्तरा मिटला.

आज या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. मिरजेच्या त्या डॉक्टरनं मला दहा वर्षांची खात्री दिली होती, मी एकोणऐंशीचा झालोय. लोक म्हणतात, आण्णा नशीबवान. असेन. पण मी वाचलो म्हणून गोडधोड करणारा माणूस जगात एकच होता आणि त्याला मी वॉर्डातून हाकललं होतं.

दहावं झाल्यावर मी विट्याला परत निघालो. छबू दारापर्यंत आली. मी चपला घातल्या आणि सवयीनं तोंड उघडलं. 'ये' एवढं ओठांवर आलं, आणि थांबलो. मौत झालेल्या घरातून निघताना येतो म्हणायचं नसतं. तिथून नुसतं उठून जायचं असतं. बापानंच शिकवलं होतं, आम्हा दोघांनाही.

मिरजेच्या दारात त्याचे ओठ असेच हलले होते.

मी छबूकडे बघितलं, आणि काही न बोलता पायरी उतरलो.